‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ का? एक उत्तर नाणेघाटात

१/ २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरही ‘गो–वेंट–गॉन’चा घोष चालतो. ज्यांच्या घरी कातकरी वा ठाकरी बोलली जाते, त्या मुलांसाठी तर ही प्रमाण मराठीनंतरची तिसरी भाषा. एखाद्याने ‘गोएड’ लिहिले की वर्गात हशा पिकतो. मीही एकदा फळ्यावर तसेच लिहिले होते. आजचा थ्रेड त्या चुकीविषयी.

२/ इंग्रजीत भूतकाळाचे दोन मार्ग आहेत. एक, शेवटी ‘एड’ जोडणे : वॉक–वॉक्ड. दुसरा, आतला स्वर बदलणे : सिंग–सँग. आपण दुसऱ्याला अपवाद म्हणतो. इतिहासात मात्र तोच अधिक जुना. परीकथांमुळे ठाऊक असलेल्या याकोब ग्रिमने या दोन वर्गांना ‘सबल’ आणि ‘दुर्बल’ अशी नावे दिली. पुढे दुर्बलच जिंकले. आजचे नवे क्रियापद बहुधा ‘एड’च घेते : गूगल–गूगल्ड.

३/ २००७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांपैकी १४५ अनियमित उरली होती, आज ९८. ‘हेल्प’ हे एके काळी अनियमित होते, ते आता ‘हेल्प्ड’ झाले. कमी वापरातली क्रियापदे लवकर नियमात येतात; रोज तोंडी असणारी टिकून राहतात.

४/ मग ‘वेंट’ कुठून आले? जुन्या इंग्रजीत ‘जाणे’चा भूतकाळ ‘एओदे’ असा होता. ‘वेंट’ हे ‘वेंड’ (वळणे, मार्गस्थ होणे) या वेगळ्याच क्रियापदाचे रूप, ‘सेंड–सेंट’सारखे. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते ‘गो’च्या घरात कायमचे राहायला आले.

५/ विचित्र वाटते? मग मराठीकडे पाहू. बसणे–बसला, चालणे–चालला, पण जाणे–गेला! ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूतून (याति) आले, तर ‘गेला’ ‘गम्’मधून (गत). ‘होणे’ ‘भू’चे, ‘झाला’ ‘जन्’चे (जात). इंग्रजांनी जे ‘गो’बाबत केले, तेच आपणही केले आहे, आणि तेही त्याच क्रियापदाच्या बाबतीत.

६/ आता याद्या शेजारी ठेवा. येणे–आला : कम–केम. करणे–केला : डू–डिड. देणे–दिला : गिव्ह–गेव्ह. घेणे–घेतला : टेक–टुक. खाणे–खाल्ला : ईट–एट. दोन्हीकडे अनियमित राहिली ती रोजच्या जगण्याची क्रियापदे.

७/ यातील एक दुवा मुरबाडच्या सीमेवरच आहे. वैशाखरे गावाजवळून चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर, लेण्याच्या भिंतींवर, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. काळ साधारण इसवी सनपूर्व पहिले शतक, भाषा प्राकृत. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांच्या नोंदीत ‘दिना’, म्हणजे ‘दिली’, हा शब्द पुनःपुन्हा येतो. संस्कृतातील भूतकाळाची गुंतागुंतीची रूपे प्राकृतात मागे पडली आणि अशी ‘दिलेले, केलेले, गेलेले’ या अर्थाची धातुसाधिते भूतकाळाचे काम करू लागली. त्यांना ‘इल्ल’ प्रत्यय जोडला गेला आणि आपला ‘ला’ घडला. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद माझ्याशी नव्हे, भाकरीशी जुळते, तेही याच वारशामुळे.

८/ मराठी घरातले लहान मूल ‘केला’ऐवजी ‘करला’ म्हणते, तेव्हा आपण कौतुकाने हसतो. त्याला नियम उमगला आहे, अपवाद अजून पक्के व्हायचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ‘गोएड’ लिहिणाऱ्या मुलाचेही नेमके तेच झालेले असते. ‘हेल्प’ला ‘हेल्प्ड’ करणाऱ्या इंग्रजांनी याहून वेगळे काही केले नव्हते. चूक सुधारावीच, पण मित्रहो, हसण्यापूर्वी ‘जाणे–गेला’ एकदा आठवावे.