क्लोरीन

हॅलोजन गटातील वायुरूप मूलद्रव्य. अणुक्रमांक 17, अणुभार 35.45. रंग पिवळसर हिरवा, वास उग्र. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो व फुप्फुसांना घातक ठरतो. शेले यांनी तो 1774 मध्ये तयार केला. ते मूलद्रव्य असल्याचे डेव्ही यांनी 1810 मध्ये सांगितले.

मिठाच्या पाण्याचे विद्युत् विच्छेदन केले की क्लोरीन, हायड्रोजन व कॉस्टिक सोडा मिळतात. कीटकनाशके, औषधे व द्रावके यांच्या निर्मितीत तो लागतो. शेतातल्या पीव्हीसी पाइपच्या रेझिनमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो.

त्याचे मोल खरे कळते ते गोदाकाठी. सायखेडा (ता. निफाड, जि. नाशिक) येथे 2016 व 2019 मध्ये पूर शिरला. अशा वेळी विहिरींना आधार क्लोरीनयुक्त विरंजक चूर्णाचा, म्हणजेच टीसीएल पावडरीचा. ती बादलीत कालवतात, चुन्याचा गाळ खाली बसू देतात आणि वरची निवळी विहिरीत मिसळतात. पाण्यात तयार होणारे हायपोक्लोरस आम्ल जंतू मारते. साधारण प्रमाण 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम, मात्र गढूळ पाण्यातील सेंद्रिय घाणच बराच क्लोरीन संपवते. म्हणून तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी आवश्यकच. नमुना पिवळा झाला तर क्लोरीन शिल्लक आहे; नळाच्या पाण्यात तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. दमट हवेत उघड्या राहिलेल्या पावडरीचा जोर ओसरतो. पोते कोरड्या जागी, तोंड घट्ट बांधूनच ठेवावे.