जुन्या यंत्राचें पूर्वचरित्र

साध्या मोटारसायकलवर हात बसला म्हणजे रानवाटांसाठीं घडविलेल्या दोन-ठोकी ‘एन्ड्युरो’ गाडीचा मोह पडतो. नवी परवडत नाहीं म्हणून मनुष्य वापरलेलीकडे वळतो. अशा वेळीं त्या यंत्राचा इतिहास जाणणें ही नुसती हौस नव्हे.

इंग्लंडांत जोसेफ डे यानें १८९१ सालीं इंधनमिश्रित हवा इंजिनाच्या तळपेटींतच दाबण्याची युक्ति योजिली. पुढें झडपाहि गळाल्या. यंत्र हलकें व सुटसुटीत झालें. मात्र धुरासंगें ताजें मिश्रणहि निसटे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यांत वाल्टर काडेन यानें १९५० नंतर धुराच्या नळीला असा फुगीर आकार दिला, कीं परतणारी दाबलहर तें मिश्रण पुन्हां आंत लोटी. १९१३ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या कसोटींत पूर्व जर्मनीनें १९६३ ते १९६७ अशीं सलग ५ वर्षें मुख्य चषक जिंकला. १९६८ सालीं यामाहाच्या डीटी-१ नें रानांतील दोन-ठोकी गाडी सामान्य गिऱ्हाइकाच्या आटोक्यांत आणिली.

परीक्षेची जागा याच इतिहासांत सांपडते. तळपेटी हीच या यंत्राची छाती; तिचीं सीलें झिजलीं तर बाहेरची हवा आंत शिरते, मिश्रण विरळ होतें आणि दट्ट्या तापून जाम होतो. पेट्रोलांत तेल कमी पडलें तरी तीच गति. नळीला मोठा पोचा असल्यास शक्तीहि घटते. म्हणून रंगाच्या झळाळीला भुलूं नये. दट्ट्या व त्याच्या रिंगा केव्हां बदलल्या, हें आधीं विचारावें. उत्तर मिळालें नाहीं, तर त्या दुरुस्तीचा खर्च किंमतींत धरूनच सौदा करावा.