त्वरकांचे पहारेकरी

नवा मूलकण सापडला की कणत्वरकाचे नाव वर्तमानपत्रात येते. पण त्या यंत्राची राखण करणाऱ्या पहारेकऱ्यांविषयी सहसा कोणी बोलत नाही. आज मला त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

त्वरकात इलेक्ट्रॉन किंवा प्रोटॉन यांचा बारीक झोत निर्वात नळीतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतो. चुंबक त्याला मार्गावर ठेवतात. तरीही पाण्याच्या नळाला गळती लागावी तशी या झोतालाही गळती लागते. काही कण वाट सोडून नळीच्या भिंतीवर आदळतात. थोडी गळती चालते. वाढली तर यंत्रालाच धोका. मग ती कुठे होते आहे, हे कळायचे कसे?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे १९६० च्या दशकात ३ किलोमीटरहून लांब, सरळ रेषेतला त्वरक उभा राहिला. वुल्फगँग पॅनोफ्स्की हे त्याचे प्रमुख. त्यांनी सुचवलेला उपाय फार सुटसुटीत होता. त्वरकाच्या कडेने सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची एक पोकळ केबल टाकायची, तिच्यात आर्गॉन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि आतल्या-बाहेरच्या वाहकांमध्ये विजेचा दाब ठेवायचा. झोतातले कण भिंतीवर आदळले की किरणोत्सर्ग उसळतो, वायूचे आयनीभवन होते आणि केबलमधून विजेचा ठोका निघतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून आपण अंतराचा अंदाज बांधतो ना, तसेच ठोका कधी पोहोचला यावरून गळतीची जागा काढता येई.

पुढे वर्तुळाकार आणि अतिसंवाहक चुंबकांचे त्वरक आले. हे चुंबक द्रवरूप हेलियमने थंड ठेवावे लागतात. भरकटलेल्या कणांची जराशी उष्णता लागली तरी त्यांची अतिसंवाहकता जाते. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधला टेव्हाट्रॉन हा असाच, ६ किलोमीटरहून जास्त घेराचा त्वरक. त्याच्या वर्तुळावर जागोजागी वायू भरलेले छोटे गळतीमापक बसवलेले होते.

इथे ५ डिसेंबर २००३ रोजी घडलेला प्रसंग मला या इतिहासातला सर्वांत शिकवून जाणारा वाटतो. झोताच्या अगदी जवळ सरकवता येणारे एक उपकरण अनपेक्षितपणे झोतातच शिरले. उसळलेल्या कणांनी चुंबकांची अतिसंवाहकता गेली आणि झोत जागचा हलू लागला. सुमारे ३०० फेऱ्यांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत, तो बाजूच्या धातूच्या संरक्षक ठोकळ्यांवर आदळला. टंगस्टनला भोक पडले आणि पोलादी ठोकळ्यावर २५ सेंटिमीटर लांब, दीड मिलिमीटर खोल चर उमटला. मग गळतीमापक काय करत होते? प्रयोग चालू असताना त्यांच्या इशाऱ्यावरून झोत काढून टाकण्याची सोय बंद ठेवलेली होती. पहारेकरी होता, पण त्याची हाक ऐकायची नाही असे ठरले होते.

आपल्याला यात हसण्यासारखे काही वाटू नये. खोट्या इशाऱ्यावर झोत सोडून द्यावा लागला, तर तासन्‌तास साठवलेले प्रतिप्रोटॉन वाया जातात. अकारण ओरडणाऱ्या पहारेकऱ्याला गप्प करावेसे वाटणे हे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे.

पण जिनिव्हाजवळ सर्न संस्था २७ किलोमीटर घेराचा त्वरक उभारत होती, तिथे ही सवलत परवडणारी नव्हती. आराखड्यानुसार त्याच्या एका झोतात ३६२ मेगाज्यूल ऊर्जा असणार होती. आपल्या वीजबिलाच्या भाषेत सुमारे १०० युनिट! ती एका जागी ओतली गेली तर जवळपास अर्धा टन तांबे वितळावे. म्हणून तिथे नायट्रोजन भरलेले, सुमारे अर्धा मीटर लांबीचे हजारो गळतीमापक बसवले गेले. यंत्रणा ४० मायक्रोसेकंदांपासून ८४ सेकंदांपर्यंतच्या १२ कालखंडांत गळतीची बेरीज करते. कारण क्षणात बसणारा तडाखा जसा घातक, तशीच हळूहळू साठणारी उष्णताही. मर्यादा ओलांडली की तीनेक फेऱ्यांत, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत, झोत बाहेर काढून ग्राफाइटच्या लांब ठोकळ्यात जिरवला जातो.

सर्वांत महत्त्वाची तरतूद पुढेच आहे. चाचणीसाठी काही इशारे झाकून ठेवता येतात, पण झोत क्षीण असेल तेव्हाच. त्याची ताकद वाढली की ते झाकण आपोआप निघते. तिथे माणसाच्या कंटाळ्याला किंवा घाईला वाव ठेवलेला नाही.

२००८ मध्ये या त्वरकात पहिल्यांदा झोत फिरला आणि पुढे २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला. त्या शोधाचे श्रेय अनेकांचे आहे. त्यात या मुक्या पहारेकऱ्यांचा आणि त्यांना गप्प करता येणार नाही अशी व्यवस्था करणाऱ्यांचाही वाटा आहे, एवढेच मला सांगायचे होते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)