आत्मकथने, सोलापूर जिल्ह्यातील

दलित व भटक्या जमातींतील लेखकांनी लिहिलेली स्वजीवनपर कथने. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात मराठी ललितेतर गद्याच्या ह्या प्रकारास मोठा वाचकवर्ग लाभला. दया पवार यांचे बलुतं (१९७८) व लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०) ही पुस्तके ग्रंथाली ह्या वाचक चळवळीने प्रसिद्ध केली. उपराला १९८१ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. ह्या परंपरेत सोलापूर जिल्ह्याने घातलेल्या भरीत दोन पुस्तके येतात : शरणकुमार लिंबाळे (१९५६– ) यांचे अक्करमाशी (१९८४) आणि किशोर शांताबाई काळे (१९७०–२००७) यांचे कोल्हाट्याचं पोर (१९९४). पहिले जिल्ह्याच्या आग्नेयेस असलेल्या अक्कलकोट तालुक्यातील, तर दुसरे वायव्येच्या करमाळा तालुक्यातील जीवनातून आले आहे.

तोळ्याचे मासे बारा. जे अकरा माशांचे ते अक्करमाशी, म्हणजे हिणकस. विवाहबाह्य संबंधांतून झालेल्या संततीला हा शब्द लावीत. लिंबाळे यांचा जन्म हन्नूर येथील. आई महार, पिता लिंगायत पाटील आणि आजीचा सोबती मुसलमान. अशा घरातील मुलाची जात कोणती, धर्म कोणता आणि शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव काय लिहावयाचे, हा ह्या पुस्तकाचा गाभा. पितृत्वाचा प्रश्न येथे भावनेचा राहत नाही. नाव नसेल, तर दाखला अडतो, दाखला अडला तर सवलत अडते, आणि सवलतीवाचून शिक्षणच थांबते. शेणातून वेचलेले ज्वारीचे दाणे धुऊन, दळून आजी भाकरी करते, हा भुकेचा प्रसंग एकदा वाचल्यावर सहसा विसरला जात नाही. मराठी, कानडी व दखनी उर्दू एकमेकींत मिसळणाऱ्या सीमाभागाची बोली लेखकाने फारशी न घासता वापरली आहे. घटनाक्रम तुटक आहे, हे मान्य करावे लागते. परंतु तो सुरळीत असता, तर कदाचित कथनाचा जोर ओसरला असता. पुढे दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र (१९९६) ह्या ग्रंथात लिंबाळे यांनी अशा लेखनाच्या मूल्यमापनाच्या कसोट्यांचीच चर्चा केली.

काळे यांच्या पुस्तकात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर सारे घर जगे. तिचा ‘चिरा उतरविणारा’ पुरुष तिला काही काळ पोशी. मुलांना मात्र तो आपले नाव देत नसे. शांताबाईंना शिकावयाचे होते. त्यांना तमाशात उभे करण्यात आले. नेरले येथे आजोबांच्या घरी राबत वाढलेल्या त्यांच्या मुलाने मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या अपत्यांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी नोंदविण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला. काळे यांचे पुस्तक त्यापूर्वी तीस वर्षांचे.

दोन्ही पुस्तके इंग्रजीत गेली आहेत : कोल्हाट्याचं पोर २००० मध्ये (अनु. संध्या पांडे), तर अक्करमाशी २००३ मध्ये (अनु. संतोष भूमकर). मूळ मराठीतून वाचणाऱ्याने आधी अक्करमाशी घ्यावे. काळे यांचे निवेदन अधिक सरळ व सलग असले, तरी त्यातील आजोबा, मावश्या आणि आई यांच्या वर्तनामागील व्यवहार लिंबाळे वाचून झाल्यावर अधिक स्पष्ट दिसतो.