मॅकेब अँड मिसेस मिलर

रॉबर्ट ऑल्टमन दिग्दर्शित अमेरिकन चित्रपट (१९७१). एडमंड नॉटन यांच्या ‘मॅकेब’ (१९५९) या कादंबरीवर आधारित. वेस्टर्न चित्रपटांनी रुजवलेली शूर बंदूकबाजाची प्रतिमा मोडून काढणाऱ्या चित्रपटांत याचे स्थान फार वरचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वॉशिंग्टन राज्यातील एका खाणवस्तीत जुगारी मॅकेब (वॉरन बेटी) कुंटणखाना काढतो; त्याचा व्यवहार सांभाळते मिसेस मिलर (जूली ख्रिस्ती). खाण कंपनीला तो विकायला नकार देताच त्याच्यावर मारेकरी सोडले जातात. शेवटच्या चकमकीच्या वेळी सारे गाव चर्चची आग विझवण्यात गुंतलेले असते आणि मॅकेब बर्फात एकटाच मरतो. नायकाच्या मरणाला साक्षीदारही न ठेवण्याचे हे धैर्य त्या काळी दुर्मीळच होते.

चित्रीकरण कॅनडात व्हँकूव्हरजवळ झाले. कथेतील गाव जसे वाढते तसा सेटही बांधला जात होता. छायाचित्रकार व्हिल्मॉश झिगमाँड यांनी निगेटिव्हला आधीच मंद प्रकाश देऊन रंग फिके, धूसर केले. पात्रांचे संवाद एकमेकांवर चढतात आणि लेनर्ड कोहेन यांची गाणी त्यांत मिसळतात.

या धूसरपणामुळेच घरी पाहण्यासाठीची आवृत्ती काढणे कठीण ठरते: चित्र उजळ, स्वच्छ केले की त्याचा प्राणच जातो. २००२ च्या डीव्हीडीवर ऑल्टमन व निर्माते डेव्हिड फॉस्टर यांचे ध्वनिभाष्य आहे. क्रायटेरियनची ब्लू-रे आवृत्ती २०१६ मध्ये ४के पुनर्संस्करणावरून निघाली. अभ्यासकाने हीच पाहावी.