सतरंजीतलं सूत

मराठी माणूस खेळतो बुद्धिबळ, पण बसतो सतरंजीवर. संस्कृतातलं चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ नि पायदळ, इराणात गेलं, अरबीत शतरंज झालं. पटासारख्या चौकड्यांच्या बिछायतीला मग शतरंजी म्हणू लागले. खेळाला आपण वेगळं नाव दिलं, बिछायतीचं मात्र तेच राहिलं. चौकड्या जाऊन पट्टे आले तरी सतरंजीच. आता तर सूतही गेलं.

बुलढाणा जिल्ह्यात हे जास्त टोचतं. हा कापसाचा मुलूख. 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं अकोट सतरंज्यांसाठी नावाजलेलं. जाड सुताचा ताणा, त्याला पुरता झाकणारा रंगीत बाणा आणि तो ठोकून बसवायला लोखंडी पंजा. अशी लांबलचक सतरंजी पावसात भिजली की चौघांना भारी. पक्षात जन्मभर सतरंज्याच उचलल्या, असं म्हणणाऱ्याची कंबर एके काळी खरोखर धरत असे. आजच्या कार्यकर्त्याला ते सुख नाही: मांडवातलं कारपेट विणलेलंच नसतं. कृत्रिम तंतूंचा थर काटेरी सुयांनी टोचटोचून गुंतवायचा, की झालं.

या तंतूंत नायलॉन थोरला, 1935 चा. पण आपल्या ओसरीवरच्या प्लास्टिकच्या चटईचं कूळ इटलीतलं. 1954 साली मिलानमध्ये जुलिओ नात्ता यांनी प्रॉपिलीन वायूचे रेणू एका शिस्तीत ओवले आणि पॉलिप्रॉपिलीन हाती आलं. 1963 साली कार्ल झीग्लर यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. हे द्रव्य पाण्यावर तरंगतं, पाणी पीत नाही, म्हणून रंगाच्या कढईत बुडवून उपयोग नाही. रंग वितळलेल्या रसातच कालवावा लागतो. चटई कितीही धुतली तरी रंग उतरत नाही, त्याचं कारण हेच. उन्हाळ्यात तिच्यावर पाठ चिकटते, त्याचंही हेच. सूत घाम टिपतं, ही टिपत नाही.

‘सुती’ म्हणून सतरंजी घ्यायची असेल, तर कडेचा एक सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर त्याला काडी लावा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो, मऊ राख उरते. लोकरीला जळक्या केसांचा. पॉलिप्रॉपिलीन आधी आक्रसतं, मग मेणबत्तीसारखा वास सोडत वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतो. तो लगेच चिमटीत घेऊ नका, पोळतो.