पोटावरची पिशवी : ऑपरेशननंतरचा इतिहास

शस्त्रक्रियेच्या इतिहासात चाकू चालवणाऱ्यांची नावं ठळक असतात. ऑपरेशननंतर माणूस कसा जगला, याची नोंद क्वचितच सापडते. स्टोमाच्या बाबतीत हा दुसरा इतिहासच मोठा आहे, हे मला भोकरदन तालुक्यातल्या माझ्या मामांमुळे कळलं. गुदाशयाच्या कर्करोगासाठी 2012 साली त्यांचं ऑपरेशन झालं आणि मोठ्या आतड्याचं टोक पोटावर काढून तिथेच शिवलं गेलं. गावात याला ‘पोटावरून संडास’ म्हणतात.

स्टोमा म्हणजे आतड्याचं हे नवं तोंड. मोठ्या आतड्याचं असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचं असेल तर इलिओस्टॉमी. ते लाल आणि ओलसर असतं, हात लावला तरी दुखत नाही. मात्र आवळून धरणारा स्नायू त्याला नसतो. मल थोपवता येत नाही, म्हणून पिशवी लागते.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत पोट चिरून आतड्यातला अडथळा काढण्याची कृती आहे. आतड्याला भोक पडलं असेल तर त्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून मिटवायच्या, असंही सांगितलं आहे. मात्र शेवटी आतडं आत ठेवून पोट शिवायचंच. ते उघडं ठेवूनही माणूस जगेल, हा विचार बराच नंतरचा. 1710 मध्ये फ्रान्सच्या लित्र यांनी जन्मतः गुदमार्ग नीट न बनलेल्या एका मृत अर्भकाची तपासणी करून तो मांडला. 1793 मध्ये द्युरे यांनी तीन दिवसांच्या बाळावर हे ऑपरेशन केलं आणि ते मूल 45 वर्षं जगलं. 1795 मध्ये गाडीवरून पडून खुंटा घुसलेल्या एका फ्रेंच शेतकऱ्यावर असंच ऑपरेशन झालं. तो चामड्याची पिशवी बांधून म्हातारपणापर्यंत जगला.

त्यानंतर दीडशे वर्षांत शस्त्रक्रिया खूप पुढे गेली, पिशवी मात्र रेंगाळली. फडकी, डबे, रबरी थैल्या आणि पट्टे यांवरच लोक दिवस काढत. गळती झाली की कातडी सोलवटायची. इथे एक भारतीय झाड कामी आलं. आपल्या कोरड्या, खडकाळ डोंगरांवर पांढऱ्या बुंध्याचा कांडोळ उगवतो. रात्री तो चमकतो, म्हणून लोक त्याला भुत्या म्हणतात. त्याचा डिंक, म्हणजे कराया, आदिवासी गोळा करतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी 1950च्या दशकात हाच डिंक स्टोमाभोवतीची कातडी वाचवण्यासाठी वापरायला सुरुवात केली. आज त्याची जागा बहुतांशी पेक्टिनसारख्या पदार्थांच्या चकत्यांनी घेतली आहे.

1954 मध्ये डेन्मार्कच्या परिचारिका एलिसे सोरेन्सन यांनी बहीण थोरासाठी चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी प्लास्टिकची पिशवी कल्पिली. गळतीच्या भीतीने थोरा घराबाहेर पडत नव्हती. 1958 मध्ये टर्नबुल यांनी त्यांच्याच एक रुग्ण, नॉर्मा गिल यांना इतर रुग्णांना शिकवण्यासाठी नेमलं. स्टोमा असलेल्यानेच स्टोमा असलेल्याला शिकवायचं, ही रीत तिथून रुजली. मुंबईतली ओस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आजही त्याच वाटेने चालते.

हे सगळं जगाला ठाऊक असून साठएक वर्षं झाली होती, तरी मामांपर्यंत त्यातलं फारच थोडं पोचलं. ऑपरेशनआधी रुग्णाला बसवून, वाकवून, उभं करून, कपडा कुठे बांधतो ते पाहून पोटावर पेनाने एक ठिपका करायचा असतो. मामांना तो ठिपका कुणी केला नाही. तोंड नेमकं धोतराच्या गाठीखाली आलं. उकिडवं बसलं की चकती सुटायची. तालुक्याला पिशव्या मिळत नसत, त्या औरंगाबादहून आणाव्या लागत. त्यात 2013चा दुष्काळ. जिल्हा टँकरवर होता आणि पिशवी धुवायला रोज पाणी हवं होतं. मामी हंड्यातून एक तांब्या वेगळा काढून ठेवायच्या. मामांनी भजनाला जाणं सोडलं, पंगतीला बसणंही. ‘देवळात ही घाण घेऊन जाऊ का?’ असं ते म्हणायचे.

त्यांना बाहेर काढलं ते डॉक्टरांनी नव्हे. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे, स्वतः पिशवी लावणारे एक गृहस्थ ओळखीतून घरी आले. त्यांनी शर्ट वर केला आणि म्हणाले, “तात्या, ह्ये बघा. धा वर्सं झाली. पिशवीसकट पंढरपूर करून आलो.” पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, चकतीचं भोक तोंडाच्या मापानेच कापायचं, कातडी पूर्ण कोरडी करून मगच चिकटवायची, आणि धोतर सोडून सैल लेंगा घालायचा, हे त्यांनी तासाभरात शिकवलं. त्यांनी नॉर्मा गिलचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही, पण काम तेच होतं.

मामा पुढे सहा वर्षं जगले, भजनात टाळ धरून. म्हणून कुणाच्या घरी हे ऑपरेशन ठरलं, तर मी दोनच गोष्टी सांगतो. आदल्या दिवशी पोटावर ठिपका करून मागा. आणि पिशवी घेऊन जगणारा एक तरी माणूस गाठा.